दुखवट्याचा आहेर

टोरोंटो, ११ फेब्रुवारी

एबो,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची मला सवय आहे. ते तूर्त राखून ठेवते.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर तुझ्यापर्यंत पोचतच नाही, असं चर्चमधली मर्सी म्हणते. मला तुझ्या कंपनीने ब्लॉक केलं की तू स्वतः, ते मी विचारणार नाही. कागद अडवायचं बटण अजून कोणी काढलेलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने. सही करून घ्यावं लागेल.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मी जे बोलले त्याचा तुला राग आलाय, हे तुझ्या आईने घानातून, आपल्या अनोमाबोहून फोन करून कळवलं. आराबा म्हणाली, "ताई, तू माझ्या पोराच्या पोटावर पाय दिलास." मी म्हटलं, "त्याचं पोट चांगलं सुटलंय, माझ्या एका पायाने काही व्हायचं नाही." तिने फोन ठेवला. म्हणजे आता मायलेक दोघंही अबोला धरून.

माझं बोलणं तुला इतरांनी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक. मी म्हणाले, "बायांनो, मागच्या वर्षी इथेच उभं राहून मी तुम्हाला सांगितलं होतं की गावी पैसे पाठवायचे तर 'न्तेम'वरून पाठवा, माझ्या बहिणीच्या मुलाची कंपनी आहे, मी जामीन. आज त्याच तोंडाने सांगते, ते फोनमधून काढून टाका." एवढंच. चोर म्हणाले नाही. शब्द ओठांवर आला होता, पण समोर वेदी होती.

गेल्या ऑगस्टमधला तो शनिवार. तू मांडवात होतास, त्यामुळे तुला तो वेगळा दिसला असेल. इकडून काय दिसलं ते सांगते.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सख्ख्या भावाच्या मातीला मला जाता आलं नाही. म्हणून चर्चमधल्या बायका माझ्याकडे जमल्या, सगळ्या लाल-काळ्या वस्त्रात, जणू बस पकडून अनोमाबोलाच निघालोय. मी मक्याची केंकी आणि तळलेली मासळी करून ठेवली होती. तिकडचं सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. तुझा क्वामेना मामा जन्मभर हेडमास्तर होता. यातल्या निम्म्या बायका त्याच्या शाळेत शिकलेल्या. मर्सीचा बाप समुद्रात गेला तेव्हा तिची फी त्याने भरली आणि त्याचा कधी उच्चार केला नाही. ती मर्सी आता कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी असते. तिने मामाच्या दुखवट्याला किती पाठवलं ते लिहीत नाही. ऐकून तुला लाज वाटेल, असा भरवसा मला राहिलेला नाही.

आहेराचं टेबल लागलं. माइकवाला पुकारू लागला. आपल्याकडे मातीला दिलेला पैसा मुका नसतो, हे तुला शिकवायला नको. आधी गाव, मग नाव, मग रक्कम. मांडव ऐकतो. ज्याचं नाव आलं तो त्या दिवशी तिथे हजर होता असं धरतात, मग तो कुठल्या का बर्फात असेना.

कुमासी झालं. ताकोराडी झालं. लंडन झालं. मग तो म्हणाला, "टोरोंटो!" मर्सीने आवाज वाढवला.

"टोरोंटो! न्तेम कंपनी! मालक, एबो घार्टे!" आणि आम्ही सगळ्यांनी पाठवलेली रक्कम, एकत्र, एका दमात. बँड वाजला. मांडव टाळ्यांनी दणाणला. आणि तू उठलास. खांद्यावरचं वस्त्र सावरलंस आणि टाळ्या स्वीकारत दोन बोटं हवेत फिरवलीस.

आम्हाला वाटलं, आता नावं घेतील. माइकवाल्याने पुढचं गाव पुकारलं.

मर्सीची आई त्या मांडवात बसली होती, पाठ ताठ करून, लेकीच्या नावाची वाट बघत. टीव्हीवर ती कोपऱ्यात दिसत होती. टेबल मिटेपर्यंत तिने पाठ टेकली नाही.

आमच्या घरात मासळी तशीच राहिली.

तू का उठलास? याचं उत्तर दे. दुसरं काही नको.

फिलोमिना मावशी

*

टोरोंटो, ८ मार्च

एबो,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या ग्राहकसेवेतल्या कुणा टिफनीचं आलं. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," आणि पुढचे काही व्यवहार बिनशुल्क. नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की क्षमा मागायची तर आधी पाप सांगायचं. टिफनीच्या पत्रात क्षमा दोनदा आहे, पाप एकदाही नाही. व्याकरणाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवते आहे. मुलगी नीट वळण लावलं तर सुधारेल. तुझं मी सांगू शकत नाही.

काल मर्सीने मला तुझी नवी जाहिरात दाखवली. तोच मांडव, तोच माइकवाला, त्याच टाळ्या, आणि मधोमध तू दोन बोटं फिरवत. खाली लिहिलंय, "दूर असूनही आपल्या माणसांच्या पाठीशी." पाठीशी? एबो, तू आमच्या पाठीवर उभा आहेस, म्हणून एवढा उंच दिसतोस.

मांडवातली गोष्ट चुकीने झाली, असं मी अजूनही मानायला तयार होते. जाहिरात चुकीने होत नाही. कोणीतरी बसून ती कापावी लागते, जोडावी लागते, वर संगीत घालावं लागतं.

मर्सीची आई किनाऱ्यावर मासळी धुरावर सुकवते. तिला बाजारात एकीने विचारलं, "काय गं, हेडमास्तरांनी तुझ्या लेकीला शिकवलं, तिने मातीला काय पाठवलं? बर्फ?" म्हातारी आता रविवारी प्रार्थनेला जात नाही. मर्सीने तिला फोनवर पावती दाखवली. म्हातारी म्हणाली, "ही काय गळ्यात बांधून फिरू?"

माझं म्हणशील तर मी मजेत आहे. फक्त कुळाच्या बैठकीत प्रश्न निघाला म्हणे, की जिने सख्ख्या भावाला आहेर केला नाही तिच्यासाठी कुळाने आईशेजारी जागा का राखावी. मला माझ्या आईशेजारी निजायचं आहे, हे तुला ठाऊक आहे. या बर्फात मी नोकरी केली, टॅक्स भरला, हिवाळे काढले. हाडं मात्र यांना द्यायची नाहीत. मी निरोप पाठवला, की मी अजून मेलेले नाही, खड्ड्याची घाई करू नका.

पण प्रश्न निघाला, एबो. आमच्या घरातल्या मुलीबद्दल असा प्रश्न आजवर कधी निघाला नव्हता.

फिलोमिना मावशी

*

टोरोंटो, १९ एप्रिल

एबो,

अखेर तू फोन केलास. गाडी चालवत असताना केलास, म्हणजे बोलणं आवडलं नाही तर सिग्नलचं निमित्त हाताशी. तू बोललास ते मी लिहून ठेवते आहे. पुढे तू "मी असं म्हणालोच नाही" म्हणशील, आणि मला या वयात वेडी ठरायचं नाही.

तू म्हणालास, "मावशी, ती तांत्रिक गोष्ट होती. एका माणसाकडे जाणारे पैसे आम्ही एकत्र बांधून पाठवतो, खर्च वाचतो. आईच्या फोनवर पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव आलं. तिने फोन नेऊन टेबलावर दाखवला. त्यांनी वाचलं ते पुकारलं. यात माझा काय दोष?"

मी म्हटलं, "काही नाही. आणि तू उठलास?"

"सगळे म्हणत होते, ऊठ, ऊठ! भाचाच मामाचा वारस, ऊठ! बँड वाजत होता. त्या वेळी काय सांगत बसू? म्हटलं नंतर सांगेन."

"नंतर कधी?"

"मावशी, त्या व्हिडिओमुळे ज्यांनी पैसे गुंतवले..."

"नंतर कधी, एबो?"

मग तू चिडलास. "पण पैसे पोचले की नाही? एक पैसा कमी झाला का? त्या बाया पूर्वी कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाकीट द्यायच्या, तो निम्मे खायचा. मी सगळे पोचवले!"

हे मात्र खरं. पोचवलेस. पूर्वीचा तो पाकीटवाला निम्मे खायचा, पण टेबलाशी जाऊन ओरडायचा, "हे मर्सीचे! टोरोंटोच्या मर्सीचे!" तुझ्या यंत्राने एक पैसा खाल्ला नाही, नावं खाल्ली. पैसे पोचले. आम्ही पोचलो नाही.

मी सोपी गोष्ट मागितली. ऑगस्टमध्ये मामाचं वर्षश्राद्ध आहे. तू ये, उभा राहा, आणि सांग की ती रक्कम माझी नव्हती, या बायकांची होती. चार वाक्यं. तू म्हणालास, "ते कोणीतरी फोनवर टिपेल, आणि दुसऱ्या दिवशी माझी कंपनी संपेल." मी म्हटलं, "कंपनी दुसरी काढता येते. तुझ्या मामाचं वर्षश्राद्ध दुसरं होणार नाही." मग सिग्नल लागला.

फिलोमिना मावशी

*

टोरोंटो, २७ मे

एबो,

तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली. मी कंपनीची बदनामी थांबवावी, नाहीतर परिणाम. गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. वर्गात मागच्या बाकावरून मोठमोठे मुलगे मला परिणामांची भीती घालायचे. त्यातले बरेच आता आजोबा झालेत आणि भेटले की टोपी काढतात.

नोटीस मी चर्चच्या हॉलमध्ये, चहाच्या वेळी, मोठ्याने वाचून दाखवली. कठीण शब्दांचा अर्थ सांगत सांगत वाचली. बायका हसून हसून बेजार झाल्या. पण घरी जाताना एक म्हणाली, "मावशी, भांडण कशाला? आपण सगळ्या पुन्हा एकदा थोडे थोडे पाठवू. कोणाच्या तरी हाती. नाव लागेल, विषय मिटेल." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मर्सीसुद्धा म्हणाली, "मी जादा पाळ्या घेईन."

मला इतका संताप आला की मी चहाचा कप टेबलावर आपटला आणि त्याचा कान माझ्या हातात राहिला. "कोणी एक पैसाही पाठवायचा नाही," मी म्हटलं. "पुन्हा दिले म्हणजे पहिल्यांदा दिलेच नव्हते, असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. मर्सी, तू ज्या दिवसांचे पैसे पाठवलेस ते दिवस परत उभी राहणार आहेस का?" मर्सी रडली. मी रडवलं तिला. तरी शब्द मागे घेत नाही.

मग मी कुळप्रमुखांना फोन लावला. नाना बेंत्सिल आता फार हळू बोलतात, पण अर्धं वाक्यही वाया घालवत नाहीत. म्हणाले, "फिलोमिना, दुखवट्याचं टेबल एकदा मिटलं की मिटलं. आजवर उघडलेलं नाही."

"मग चूक झाली तर?"

"ज्याचं नाव पुकारलं गेलं त्याने कुळापुढे उभं राहून 'हे माझं नव्हतं' म्हटलं, तर बघू. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तो नुसता मत्सर."

म्हणजे सगळं तुझ्या तोंडावर आहे. माझी आईशेजारची जागा, मर्सीच्या आईचा रविवार, सगळं. वकिलाला दिलेस तेवढ्या पैशांत येण्याजाण्याचं तिकीट आलं असतं.

फिलोमिना मावशी

*

टोरोंटो, ३० जुलै

एबो,

तिकीट सोबत जोडलं आहे. तुझ्या नावाचं, माझ्या शेजारच्या सीटचं. खिडकी तुला, कारण लहानपणी तू खिडकीसाठी रडायचास आणि मला विमानात तमाशा नको. हे मी प्रेमाने करत नाही; शेजारी अनोळखी माणूस घोरेल त्यापेक्षा तू बरा, एवढंच.

मर्सीने सुट्टी मिळवली आहे. आणखी काही जणीही येताहेत. श्राद्धाच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी विमानतळावर.

फिलोमिना मावशी

*

अनोमाबो, २४ ऑगस्ट

एबो,

तुझ्या सीटवर मी माझी पर्स ठेवली. ती घोरली नाही.

काल वर्षश्राद्ध झालं. तुला ते तुझी आई सांगेल, तिच्या पद्धतीने. माझ्या पद्धतीनेही ऐक.

प्रार्थना झाली, जेवणं झाली, आणि कुळाची माणसं समोरासमोर बसली. नानांच्या शेजारी तुझी खुर्ची ठेवली होती, वारसाची. रिकामी. नाना म्हणाले, "ज्याने बोलायचं होतं तो आलेला नाही. विषय संपला."

मी विचारलं, "नाना, त्याची आई बोलली तर?"

नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आई बोलली तर कुळाला ऐकावं लागेल."

सगळ्यांनी आराबाकडे पाहिलं. तिने वस्त्राचा काठ बोटाला गुंडाळला. म्हणाली, "माझ्या मुलाने काही केलेलं नाही. मुलगा पुढे गेला की लोकांच्या डोळ्यांत खुपतो." कोणी खोकलं. मर्सीची आई मागे उभी होती. ती निघायला वळली.

मग मी उठले.

कॅनडात आल्यावर तू मला मावशी म्हणायला लागलास, शाळेतली मुलं त्यांच्या मावश्यांना म्हणायची म्हणून. मी चालवून घेतलं. इथे त्याला वेगळा शब्द नाही. आईची बहीण ती आईच. आराबाने तुला जन्म दिला, आणि नवव्या वर्षापासून मी तुला वाढवलं, यात इथल्या कोणाला फरक दिसत नाही. कबुलीला लागते ती दारूची बाटली मी नानांच्या माणसापुढे ठेवली आणि म्हटलं, "आई बोलते आहे."

"ताई, खाली बस!" आराबा ओरडली.

"तुझी पाळी होती, तू ती घालवलीस."

"तो तुझा कोण?"

"त्याच्या शाळेत त्याने काच फोडली की माझं नाव पुकारायचे, तुझं नाही. बस खाली."

कोणीतरी हसलं. नानांनी काठी आपटली. मग मी बोलले, आणि जेवढं झालं तेवढंच बोलले. म्हटलं, "माझ्या मुलाच्या नावावर दुसऱ्यांचा आहेर आला. तो चुकून आला. त्याने ठेवला तो मात्र समजून उमजून. त्याच्या वतीने मी कुळापुढे अपराध कबूल करते."

नाना आणि ज्येष्ठ मंडळी उठून झाडामागे गेली. परत आली तेव्हा नाना म्हणाले, "बाटली उघडा." म्हणजे कबुली मान्य. आणि मग, "टेबल मांडा."

एबो, तू ते पाहायला हवं होतंस. टेबलावर कापड आलं, वाडगा आला, माइकवाला आला. तोच गेल्या वर्षीचा. बिचारा घामाघूम झाला होता. "टोरोंटो!" तो म्हणाला, आणि पहिलं नाव मर्सीचं घेतलं. मर्सीची आई अनवाणी पुढे आली. हातांना अजून मासळीच्या धुराचा वास. दोन्ही हात वर करून तिने मांडवाला सबंध फेरी मारली, आणि बाजारातल्या त्या बाईसमोर मुद्दाम थांबून अर्धी फेरी जास्त. बँड नव्हता. बायकांनी टाळ्यांवरच तिला नाचवलं. मग एकेक नाव. ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांची नावं त्यांच्या बहिणींनी, आयांनी उभं राहून घेतली. माझं नाव शेवटी आलं. नाना स्वतः उठले आणि म्हणाले, "हेडमास्तरांची बहीण हजर होती." मी रडले नाही. चष्म्यावर धूळ होती, ती पुसली.

हे इथे संपलं असतं. पण माइकवाला नेमाचा माणूस. त्याने विचारलं, "आता वारसाचं? एबो घार्टे?"

सगळा मांडव त्या रिकाम्या खुर्चीकडे वळला. कारण सगळ्यांना तेव्हाच कळलं, मलासुद्धा. त्या मोठ्या रकमेतून आमच्या बायकांची नावं काढून घेतली, तेव्हा मागे काहीच उरलं नाही. टाळ्या तुला मिळाल्या, बँड तुझ्यासाठी वाजला, आणि मामाच्या मातीला तू स्वतः काही दिलंच नव्हतंस. गडबडीत तुझ्या लक्षातही आलं नसेल. मला तसं समजायचं आहे.

नाना माझ्याकडे वळले. हलक्या आवाजात म्हणाले, "आई आहेस. टाक त्याच्या नावाने, आणि मिटवून टाकू."

पैसे माझ्या पर्समध्ये होते. आराबा माझ्याकडे बघत होती. सबंध दिवसात प्रथमच तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. सख्खी बहीण आहे. माझा हात पर्सपर्यंत गेला, हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही.

पण मी म्हटलं, "नाही. या वर्षभर मी हेच भांडले, की एकाचं दुसऱ्याच्या नावावर लागू नये. मुलगा लाडका म्हणून उलटं करू? त्याचा आहेर त्याच्या हाताने येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर टेबल मिटायचं नाही."

नाना म्हणाले, असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, टेबल पुन्हा उघडणंही आज सकाळपर्यंत कधी झालेलं नव्हतं.

तर परिस्थिती अशी. आराबाच्या अंगणात टेबल तसंच आहे. कापडाला चार कोपऱ्यांत दगड ठेवलेत, वाऱ्याने उडू नये म्हणून. वाडगा रिकामा आहे. येणारी-जाणारी माणसं विचारतात, हे काय? मी सांगते, आमच्या एबोची वाट बघतंय. गावभर झालं आहे. तुझ्या वकिलाला कळव, बदनामी जोरात चालू आहे.

आज सकाळी आराबा बाहेर आली. मला वाटलं भांडायला आली. ती स्वतःची खुर्ची घेऊन आली होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. अजून माझ्याशी बोलत नाही. पण पेज दोघींची आणली.

फोनवरून काही पाठवू नकोस. आम्ही ते टेबलावर घेणार नाही. स्वतः ये, रस्त्याने चालत ये, सगळ्यांना दिसू दे. माइकवाल्याला मी थांबवून ठेवलं आहे. तो रोजाने पैसे घेतो, आणि तो रोज तुझ्या नावावर चढतो आहे.

फिलोमिना